माइलस्टोन तीन: अपूर्ण

जूनअखेर, पुणे. माझं काम विचाराल तर इन्क्युबेटरमधल्या कंपन्या आणि दिल्लीतल्या योजना यांच्यामध्ये कागद हलवणं. व्हिजिटिंग कार्डावर जरा बरं नाव आहे.

सकाळी पावणेनऊ. गाडी लावते न लावते तोच फोन. "मॅडम, त्या एक लाख कोटींतून आपल्याला काही मिळेल का?" २०२५च्या जुलैत केंद्राने संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधी मंजूर केला, तेव्हापासून हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेलं. हे अनुदान नाही. कमी किंवा शून्य व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज किंवा भागभांडवल आहे, आणि तेही थेट मिळत नाही. मधल्या निधी व्यवस्थापकांमार्फत येतं. शिवाय टीआरएल चारच्या खाली दार बंद. टीआरएल म्हणजे तंत्रज्ञान कुठवर आलंय हे सांगणारी एक ते नऊ अशी मोजपट्टी, मूळ नासाची. फोनवरच्या मुलाची बॅटरी अजून बीकरमध्येच आहे. "तू तीनवर आहेस. बायरॅकचं बिग अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, पण ते जैवतंत्रज्ञानासाठी. तू निधी-प्रयास योजना बघ, १० लाखांपर्यंत मिळतात." तो हिरमुसला. लाख कोटींवरून दहा लाखांवर यायला कुणालाही जरा वेळ लागतो.

साडेनऊ. तळमजल्यावरची लॅब. इथे बोटातल्या थेंबभर रक्तातून क्रिएटिनिन मोजणारी पट्टी तयार होतेय. मूत्रपिंडाच्या रुग्णाला एवढ्याशा तपासणीसाठी गावाहून शहर गाठावं लागू नये, हा हेतू. पट्टीवर तीन एन्झाइमांचा पातळ थर असतो. त्यांची एकामागून एक क्रिया झाली की शेवटी अगदी बारीक विद्युतप्रवाह मिळतो आणि त्यावरून यंत्र आकडा दाखवतं. हिवाळ्यात आकडे देखणे होते. मग पट्ट्या ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात गेल्या आणि तिसऱ्या आठवड्यातच भरकटल्या. कंपनी काढणाऱ्या मुलीने दोन पट्ट्या भिंगाखाली धरल्या. एकीचा थर सपाट, चकचकीत. दुसरीच्या कडा ओल्या डिंकासारख्या फुगलेल्या, पिवळट.

"ताई, थरात खोट नाही. पाकीट चुकलंय. ओल शिवणीतून शिरतेय."

कारण सापडलं म्हणून ती खूश. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अनुदानाच्या मंजूर अर्जातली ओळ आली: 'माइलस्टोन तीन: टिकाऊपणाची चाचणी यशस्वी. मुदत ३० जून.' अशा ओळी प्रत्येक अर्जात असतात. 'अजून माहीत नाही, करून बघू' असं लिहिणाऱ्याला पैसे कोण देणार? आणि डीप-टेक, म्हणजे संशोधनावर उभा राहणारा असा धंदा, तर नेमकं करून बघणंच. पट्टी दमट हवेत बिघडते हे कळणं, हा या तिमाहीतला सगळ्यात कामाचा शोध आहे. तो लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

अकरा. युसी, म्हणजे निधी वापराचं प्रमाणपत्र, नमुना १२-अ. सीएची सही, शिक्का, खात्यावर पडलेल्या व्याजाचा हिशेब, कारण ते व्याज सरकारला परत करायचं असतं. इथवर ठीक. पाकीट नीट बंद करणाऱ्या यंत्राचं कोटेशन आलंय, पावणेदोन लाखांचं. 'उपकरणे' या हेडखालचे पैसे संपलेत. 'प्रवास' हेडखाली दोन लाख पडून आहेत, कारण सगळ्या बैठका ऑनलाइन झाल्या. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायचे तर पूर्वपरवानगी हवी. पुढचा हप्ता माइलस्टोन तीन झाल्यावर, माइलस्टोन यंत्र आल्यावर, आणि यंत्राचे पैसे प्रवासात अडकलेले. घोडं नेहमी अशाच ठिकाणी अडतं. दरम्यान तिघांचे पगार दर एक तारखेला द्यावेच लागतात, त्यांना हेड-बिड कळत नाही.

एक. डबा. जेवताना कुणी योजनेचं नाव काढायचं नाही, असा आमच्या टेबलाचा दंडक आहे. तो रोज मोडतो.

दोन. आढावा बैठक, अर्थातच ऑनलाइन. पडद्यावर तीन तज्ज्ञ आणि योजनेचे अधिकारी. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पहिल्याच वाक्यात मुद्दा पकडला: पाकिटात शोषक पुडी ठेवून पाहिलीत का? पाहिली होती, तिचा आलेखही तयार होता. पुढची वीस मिनिटं निखळ विज्ञान चाललं आणि मुलगी खुलली. मग अधिकारी म्हणाले, "मॅडम, मला सगळं पटलंय. पण तीन वर्षांनी ऑडिटवाला ही फाइल उघडेल तेव्हा मी या खुर्चीत नसेन. त्याला समजेल असं लिहून द्या."

बाबूगिरी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावं. २०२३च्या जुलैत राष्ट्रीय डीप-टेक स्टार्टअप धोरणाचा मसुदा आला. अशा संशोधनाला वर्षानुवर्षं लागतात, ते फसूही शकतं, हे सगळं त्यात मान्य आहे. धोरण धोका पत्करतं ते शंभर कंपन्यांचा एकत्र विचार करून: दहा तगल्या तरी पुष्कळ. लेखापरीक्षण मात्र शंभरही फाइली एकेक करून उघडतं आणि प्रत्येकीला विचारतं, वस्तू कुठाय? ज्याची सही त्याच्याच गळ्याशी येणार असेल, तर तो सावधच राहणार. निधीची रक्कम दुप्पट केल्याने हे बदलत नाही. अमुक इतक्या फाइली बुडणारच आहेत आणि त्या बुडाल्या तर अधिकाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, एवढं नियमातच लिहून द्यावं लागेल.

चार. दुसरी कंपनी. पाणी तपासणारं उपकरण तयार आहे, चाचण्या झाल्यात, विकायचं आहे. एका सरकारी संस्थेची निविदा निघाली. अट: मागील तीन वर्षांत अशाच पुरवठ्याचा अनुभव. उपकरणच नवीन, अनुभव आणणार कुठून? २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपना अनुभवाच्या आणि उलाढालीच्या अटीतून सूट देण्याची सोय आहे, पण ती द्यायची की नाही हे खरेदीदाराच्या मर्जीवर. तिथले लिपिक फोनवर अदबीने म्हणाले, "साहेबांनी या वेळी अट ठेवायची ठरवलीय." विषय संपला. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने २०१८मध्ये स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ कंपन्यांना १५ लाखांपर्यंतचे थेट कार्यादेश देण्याची पद्धत सुरू केली. त्यातली अक्कल मला इथे दिसते. अशा कंपनीला अनुदानापेक्षा सरकारी खात्याचा एक कार्यादेश मोलाचा, कारण पुढच्या निविदेत तोच अनुभव म्हणून जोडता येतो.

साडेपाच. मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत. "'अंशतः पूर्ण' लिहूया का?" असा शब्द फॉर्म चालवून घेतो आणि बरेच जण लिहितातही. मग पुढच्या तिमाहीत त्याच शब्दावर दुसरा मजला चढवावा लागतो. आम्ही 'अपूर्ण' लिहिलं. खाली ऑडिटवाल्याला समजेल अशा भाषेत: चाचणीत दोष कुठे आढळला, तो पट्टीत नसून वेष्टनात आहे याचा पुरावा काय, यंत्र आल्यावर किती महिने लागतील, आणि प्रवासातले पावणेदोन लाख उपकरणांकडे वळवायची परवानगी मिळावी ही विनंती. मुदतवाढ चार महिन्यांची मागितली. तिला तीन पुरतील असं वाटत होतं, पण मध्ये सणवार आहेत.

पावणेसात. सबमिट. पोर्टल दोन एमबीच्या वरची फाइल घेत नाही, आमची सहाची. भिंगाखालचे फोटो जड आहेत. तिने चांगल्या पट्टीचा फोटो काढून टाकला, बिघडलेल्या पट्टीचा राहू दिला, आणि आम्ही पीडीएफ पुन्हा तयार करायला बसलो.