पाळलेली मांजर एकाएकी चावली तर?

कालपर्यंत मांडीवर घुरघुरणारी मांजर आज अचानक फिस्कारते, नखं काढते, हाताचा कडकडून चावा घेते. मग कोणी म्हणतं, मांजर उलटली. कोणी म्हणतं, तिला काहीतरी दिसलं असेल. कोणी पोत्यात घालून तिला लांब सोडून यायला निघतं. आपण आधी कारण शोधू या. मांजर डूख धरून चावत नाही. बहुतेक वेळा तिला काही दुखत असतं किंवा ती घाबरलेली असते.

दुखणं अनेकदा दिसत नाही, कारण मांजर ते लपवते. किडलेला दात, कानातला पू, केसांखाली दबलेली जखम असेल, तर तिथे हात लागताच ती चावते. बोका लघवीला पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तर लघवी अडकलेली असू शकते. त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याला लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. आपली तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल तिच्यासाठी विष आहे.

भीतीचं कारण आणखी फसवं असतं. दारात परका बोका दिसला, फटाका वाजला, की ती बिथरते आणि तो राग जवळच्या माणसावर निघतो. अशा वेळी तिला उचलू नये, मारू नये. मुलांना बाजूला घ्यावं आणि तिला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात एकटं सोडावं. शांत व्हायला तिला काही तासही लागतात. नुकतीच व्यालेली मांजरही पिल्लांजवळ कोणी गेलं की अंगावर येते.

कान मागे पाडणं, शेपूट जोरात आपटणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, ही चावण्याआधीची खूण आहे. ती मुलांना शिकवावी. हात हलवून मांजराला खेळवण्याऐवजी दोरी किंवा चिंधी वापरावी.

मात्र एक कारण जिवावरचं आहे, ते म्हणजे रेबीज. तो कुत्र्यासारखाच मांजरापासूनही होतो. विनाकारण अंगावर येणं, लाळ गळणं, आवाज बदलणं, झोकांड्या खाणं ही त्याची लक्षणं. माणसात लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून मांजर का चावली याचा विचार नंतर, उपचार आधी.

चावा किंवा नखाचा ओरखडा असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवावी. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला. आता लस दंडात देतात: पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी. चाव्यातून रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायच्या रेबीजच्या वेगळ्या औषधाबद्दल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावं. मांजराचा दात बारीक असतो. वरून भोक लहान दिसतं, पण जंतू खोल जातात. हात सुजला, लाल झाला, ठणकू लागला तर पुन्हा दवाखाना गाठावा.

मांजराला हाकलून देऊ नये. ती डोळ्यांसमोर राहिली, तर १० दिवस तिच्यावर लक्ष ठेवता येतं. ती आजारी पडली किंवा मेली, तर डॉक्टरांना लगेच कळवावं. पण ते १० दिवस संपण्याची वाट पाहत लस लांबवू नये. आणि घरच्या मांजरालाही रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी.