सागरी क्षितिजाचे अंतर : एक भूमितीय विवेचन

समुद्रकिनारी उभ्या असलेल्या व्यक्तीस क्षितिज ही आपल्या दृष्टीची मर्यादा वाटते. वस्तुतः ती पृथ्वीच्या वक्रतेची मर्यादा होय. दृष्टी कितीही तीक्ष्ण असली तरी ती ओलांडता येत नाही. मात्र निरीक्षक उंच गेल्यास ती दूर सरते.

डोळ्यापासून समुद्रपृष्ठास काढलेली स्पर्शिका जेथे टेकते, तेथे क्षितिज असते. स्पर्शबिंदूपाशी पृथ्वीची त्रिज्या व स्पर्शिका यांत काटकोन होतो. त्रिज्या सुमारे ६३७१ किलोमीटर धरल्यास पायथागोरसच्या सिद्धांतावरून सुलभ सूत्र मिळते : उंचीच्या (मीटर) वर्गमुळास ३.५७ ने गुणले असता क्षितिजाचे अंतर (किलोमीटर) येते. डोळे १.६ मीटर उंचीवर असता हे अंतर अवघे ४.५ किलोमीटर, तर १०० मीटर उंचीच्या कड्यावरून ३५.७ किलोमीटर भरते. वातावरणातील वक्रीभवनामुळे प्रत्यक्ष अंतर सामान्यतः सुमारे ८ टक्क्यांनी वाढते.

दीपगृहाच्या बाबतीत दिवा व निरीक्षक या दोहोंच्या क्षितिजांतरांची बेरीज करावी लागते. समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंचीवरील दिवा, डोळे १ मीटर उंचीवर असलेल्या तांडेलास, वक्रीभवन वगळता, २५ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. डोळे ४ मीटर उंचीवर असल्यास २८.६ किलोमीटरपर्यंत. याउलट, पाण्यात पडलेल्या खलाशाचे डोळे पृष्ठभागापासून जेमतेम १६ सेंटीमीटर वर असतात. त्याचे क्षितिज १.४ किलोमीटरवरच संपते. शालेय भूमितीतील स्पर्शिकेचा सिद्धांत असा दर्यावर्दींच्या जीवनमरणाशी निगडित आहे.