विश्लेषण : खाण बंद पडली, तरी गाव टिकले! बिस्बीतील तांब्याच्या खाणीचे पर्यटन काय शिकवते?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ बिस्बी हे डोंगरदरीत वसलेले छोटे शहर आहे. जवळपास शंभर वर्षे ते तांब्यावर जगले. आज तीच बंद खाण पाहण्यासाठी पर्यटक तिकीट काढून येतात. खाण संपल्यावर गावाने जगायचे कसे आणि पाहुण्यांना वैभवासोबत नकोसा इतिहासही दाखवायचा का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बिस्बीत शोधता येतात.

शहर उभे कसे राहिले?

म्यूल पर्वतरांगेत १८७७ मध्ये खनिजाचा शोध लागला आणि १८८० मध्ये बिस्बी वसले. तांब्याबरोबर सोने-चांदीही मिळू लागली. पुढे फेल्प्स डॉज कंपनीचा येथे दबदबा निर्माण झाला. केवळ खाणच नव्हे, तर दुकान, रुग्णालय आणि ग्रंथालयही कंपनीचे होते. १९०२ मध्ये उभारलेले ‘कॉपर क्वीन’ हॉटेलही तिचेच. हे हॉटेल आजही सुरू आहे.

खाण बंद झाल्यावर काय झाले?

‘लॅव्हेंडर पिट’ या खुल्या खाणीतील काम १९७४ मध्ये थांबले, तर १९७५ मध्ये भूमिगत खाणीही बंद झाल्या. रोजगार गेल्याने अनेक कुटुंबांनी शहर सोडले. घरांच्या किमती कोसळल्या. मात्र, या स्वस्त घरांमुळेच कलाकार येथे राहायला आले. दुसरीकडे, महापौरांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी ‘क्वीन’ खाणीतील बोगद्यांची साफसफाई केली. फेब्रुवारी १९७६ मध्ये ही खाण पर्यटकांसाठी खुली झाली. पर्यटकांना माहिती देण्याचे काम माजी खाण कामगारांकडे आले.

पर्यटकांना काय पाहता येते?

हेल्मेट आणि दिवा घेऊन पर्यटक छोट्या रेल्वेगाडीत बसतात. गाडी डोंगराच्या पोटात सुमारे दीड हजार फूट आत जाते. आत तापमान साधारण ८ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे वाळवंटी प्रदेशातील उन्हाळ्यातही जाकीट लागतेच. खडकाला भोके कशी पाडत, सुरुंग कसे लावत, हे तेथेच समजावून सांगितले जाते. गावाबाहेर रस्त्यालगतच्या सज्जातून सुमारे ९०० फूट खोल ‘लॅव्हेंडर पिट’ दिसतो. नावाचा फुलाशी संबंध नाही. हॅरिसन लॅव्हेंडर या कंपनीच्या अधिकाऱ्यावरून ते पडले. खाणकाम व इतिहासाचे संग्रहालय १८९७ च्या इमारतीत आहे. पूर्वी तेथे कंपनीचे कार्यालय होते.

१९१७ मध्ये काय घडले?

पहिल्या महायुद्धामुळे तांब्याला प्रचंड मागणी होती. सुरक्षितता आणि वेतनाच्या मागण्यांसाठी जून १९१७ मध्ये कामगारांनी संप पुकारला. १२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलर यांच्या सुमारे दोन हजार सशस्त्र माणसांनी संपकरी व त्यांच्या समर्थकांना घराघरांतून बाहेर काढले. त्यांना वॉरेन बेसबॉल मैदानात जमवण्यात आले. तेथून सुमारे १,२०० जणांना गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडण्यात आले. त्यांत मेक्सिकन आणि पूर्व युरोपातील स्थलांतरितांची संख्या मोठी होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नेमलेल्या आयोगाने ही कारवाई बेकायदा ठरवली. तरीही कोणालाच शिक्षा झाली नाही.

हा इतिहास पुढे कसा आला?

हद्दपार करणारे आणि हद्दपार झालेले, दोघेही याच गावचे. काही घरांत तर सख्खे भाऊ परस्परविरोधी बाजूंना होते. त्यामुळे अनेक दशके या विषयावर उघड बोलणे टाळले गेले. २०१७ मध्ये शताब्दीनिमित्त रहिवाशांनीच त्या दिवसाचा प्रसंग रस्त्यावर साकारला. ‘बिस्बी ’१७’ या माहितीपटात त्याचे चित्रण आहे. वॉरेन मैदान अजूनही वापरात आहे. केवळ खाण पाहून परतणाऱ्याला मात्र शहराची निम्मीच गोष्ट कळते.

पर्यटनाने सर्व प्रश्न सुटले का?

नाही. १९७० मध्ये आठ हजारांहून अधिक असलेली लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत पाच हजारांच्या आत आली. खाणीत हजारो लोक काम करत. हॉटेले, कलादालने आणि दुकाने तेवढ्या नोकऱ्या देऊ शकत नाहीत. पर्यटनामुळे गाव ओस पडले नाही, हे मात्र खरे.

भारतासाठी धडा कोणता?

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तीन किलोमीटरहून अधिक खोल गेलेल्या या खाणींच्या परिसरातील अनेक जण आज रोज रेल्वेने बंगळूरुला कामाला जातात. बिस्बीत खाण बंद झाल्यानंतर वर्षभराच्या आतच बोगदा पर्यटकांसाठी खुला झाला. यंत्रे गंजण्याआधी आणि जुने कामगार पांगण्याआधी त्यांचे ज्ञान उपयोगात आले. असा वारसा जपायचा, तर खाण बंद करण्याच्या आराखड्यातच त्याचा विचार व्हायला हवा.