सांगलीचा महापूर : पुलावरील आकडा आणि घराचा उंबरठा

कृष्णाकाठी वसलेल्या सांगली शहरास पूर नवा नाही. तथापि २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. पाणी अडविणे सर्वस्वी मनुष्याच्या हाती नसले, तरी त्यापासून होणारी हानी कमी करणे निश्चितच हाती आहे.

पूर का येतो?

कोयना कराड येथे, तर वारणा सांगलीलगत हरिपूर येथे कृष्णेस मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी होऊन या नद्या एकाच वेळी भरल्या, की वारणेच्या लोंढ्यामुळे कृष्णेचा निचरा मंदावतो व शहराजवळ फुगवटा निर्माण होतो. कोयनेचे धरण काही पाणी थोपवू शकते. परंतु त्यासाठी जलाशयात जागा राखावी लागते. धरण भरलेले असावे ही सिंचनाची व विजेची गरज, तर ते काही अंशी रिकामे असावे ही पूरनियंत्रणाची. या दोहोंचा मेळ घालणे हीच खरी कसोटी होय.

निळी व लाल रेषा

सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास प्रतिबंध असून दोन रेषांमधील पट्ट्यात ते निर्बंधित असते. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एक पूर येऊन गेला की ९९ वर्षे निर्धास्त, असा नव्हे. असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी शेकडा १ असते; ३० वर्षे तेथे राहणाऱ्या कुटुंबास ती शेकडा २६ इतकी होते.

आधी स्थलांतर, मग पाणी

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. मात्र पुलावरील आकडा आपल्या गल्लीत कोठवर पोहोचतो, हे नागरिकास ठाऊक नसेल तर इशारा निष्फळ ठरतो. त्याच महिन्यात ब्रह्मनाळ येथे, गावास पाण्याचा वेढा पडल्यावर बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून जीवितहानी झाली.

म्हणून प्रत्येक प्रभागाने व ग्रामपंचायतीने शाळा, चावडी व मंदिरांच्या भिंतींवर पूररेषा रंगवाव्यात. किती फुटांस कोणती वस्ती हलवावयाची, वृद्ध, रुग्ण व जनावरे प्रथम कोठे न्यावयाची, याची यादी पावसाळ्यापूर्वी सिद्ध ठेवावी. शिक्षकांनी या खुणांचा अर्थ विद्यार्थ्यांस समजावून दिल्यास तो घरोघरी पोहोचेल.