बॅटरी बदलण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडी सुरू झाली नाही, की आपल्याकडे निदान आधी होतं आणि तपासणी नंतर. ‘बॅटरी गेली’ हे ते ठरलेलं निदान. शेजारी तेच सांगतो, वॉचमन तेच सांगतो आणि पुष्कळदा दुकानदारही तेच सांगतो. मग काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते आणि महिन्याभरानं पुन्हा तोच प्रकार! मोटारींच्या वायरिंगचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या काळात चांगल्या स्थितीतल्या कितीतरी बॅटऱ्या मी भंगारात जाताना पाहिल्या आहेत. दोष असतो एखाद्या सैल टर्मिनलचा, झिजलेल्या पट्ट्याचा किंवा डिकीत जळत राहिलेल्या दिव्याचा. शिक्षा मात्र बॅटरीला आणि आपल्या खिशाला!

म्हणून आज आपण एवढंच पाहू, की गाडी सुरू होत नसेल तर दोष कुठे आहे हे क्रमाक्रमानं कसं शोधायचं. दुरुस्ती मेकॅनिकच करील. पण दुखणं नेमकं कुठे आहे हे आपल्याला सांगता आलं, तर अर्धं काम झालं.

सोसायटीच्या पाण्याची व्यवस्था डोळ्यांपुढे आणा. गच्चीवरची टाकी म्हणजे बॅटरी. टाकी भरणारा पंप म्हणजे अल्टरनेटर. आणि सर्वांत मोठा नळ म्हणजे स्टार्टर, ज्याला आपण ‘सेल्फ’ म्हणतो. किल्ली फिरवली की हा नळ दोन-तीन सेकंद पूर्ण उघडतो. इंजिन सुरू झालं की पंप चालू होतो आणि टाकी पुन्हा भरतो. नळाला पाणी येत नसेल तर टाकी रिकामी असेल, मधला पाइप चोंदला असेल किंवा नळच बिघडला असेल. आणि टाकी रोजच रिकामी होत असेल, तर एक तर पंप भरत नाही किंवा कुठेतरी गळती आहे. गाडीतल्या या दुखण्यांची सारी गंमत एवढ्यातच आहे.

ही सोय आपल्याला सहज मिळालेली नाही. पूर्वी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारायचं. इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हे कष्ट हळूहळू संपले. आपल्या अॅम्बॅसडरला मात्र हँडलसाठी पुढे भोक असे, हे अनेकांना आठवत असेल.

आता तपासणीकडे वळू. पहिलं हत्यार म्हणजे आपले कान. किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं?

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवेही लागत नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सुटलं आहे. दिवे लागतात, पण लागोपाठ ‘कट-कट-कट-कट’ असा आवाज येतो, तर बॅटरीत दम कमी आहे किंवा टर्मिनलचा सांधा खराब आहे. एकदाच दणकट ‘खट्’ होऊन सगळं गप्प होतं आणि दिवे तेजस्वी राहतात, तर संशय स्टार्टरवर घ्या. त्याचे कार्बन ब्रश झिजले असतील किंवा सोलेनॉइडचे आतले संपर्क जळले असतील. दिवे चांगले आहेत, पण ‘खट्’सुद्धा नाही, तर स्टार्टरपर्यंत हुकूमच पोचत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये आहे का, काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबला आहे का, हे पाहा. त्यानंतर फ्यूज आणि रिले.

आणि सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. तिनं आपलं काम केलं आहे. दोष पेट्रोल-डिझेल पोचण्यात, स्पार्कमध्ये किंवा चोरीपासून रक्षण करणाऱ्या इमोबिलायझरमध्ये शोधायचा. अशा वेळी सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही उतरेल. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावं.

दुसरं हत्यार म्हणजे हेडलाइट. ते लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. दिवे मुळातच पिवळट असतील तर बॅटरी उतरलेली आहे. चांगले होते, पण किल्ली फिरवताच जवळजवळ विझले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सांध्यात अडथळा आहे. जराही मंद झाले नाहीत, तर स्टार्टरला वीज पोचतच नाही.

इथे अनेकजण विचारतात, ‘‘दिवे लखलखीत लागतात, हॉर्न वाजतो, मग सेल्फ का फिरत नाही?’’ याचं उत्तर साध्या गणितात आहे. जुन्या पद्धतीच्या दोन हेडलाइटना साधारण १० अँपिअर वीज लागते. सेल्फला दीडशे किंवा त्याहून जास्त. समजा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली आणि तिथे एका ओहमच्या फक्त शंभराव्या भागाइतका अडथळा तयार झाला. दिव्यांच्या १० अँपिअरला तिथे एक दशांश व्होल्ट गमवावा लागतो, तो डोळ्यांना कळतही नाही. पण सेल्फच्या दीडशे अँपिअरला त्याच जागी दीड व्होल्ट गमवावा लागतो. बारा व्होल्टमधला दीड व्होल्ट! चोंदलेल्या पाइपातून थेंब-थेंब पाणी पूर्ण दाबानं येतं. बादली लावली की धार तुटते, तसंच हे.

म्हणून बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल पाहा. हातानं हलवून बघा, हलता कामा नये. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर स्पर्श करून बघा. एखादा सांधा तापला असेल तर चोर तिथेच आहे. साफ करायचं तर गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे ऋण वायर काढा आणि बसवताना ती सर्वांत शेवटी लावा. पान्यानं काम करण्याआधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यानं पूड धुऊन काढा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. काळ्या वायरचं दुसरं टोक बॉडीला आणि इंजिनाला जोडलेलं असतं. ते ‘अर्थिंग’ही पाहा, कारण पावसाळ्यानंतर ते हमखास गंजतं.

तिसरं हत्यार म्हणजे मल्टिमीटर. हा साधा मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. साडेबाराच्या वर, १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग सेल्फ मारताना आकडा पाहा. तो साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल आणि बॅटरी भरलेली असूनही तसं होत असेल, तर ती खरोखरच थकली आहे. मात्र नुसतं उतरणं आणि कायमचं बाद होणं यांत फरक आहे. उतरलेली बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरवर सावकाश पूर्ण भरावी आणि मगच तिची परीक्षा घ्यावी. उपाशी माणसाला पळायला लावून तो अशक्त आहे, असं ठरवू नये!

आता पंपाकडे, म्हणजे चार्जिंगकडे येऊ. किल्ली ‘ऑन’ केली की डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. तो विझला नाही किंवा चालत्या गाडीत लागला, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. हा दिवा म्हणजे ‘बॅटरी खराब’ नव्हे, ‘चार्जिंग बंद’. तो ‘ऑन’ करूनही लागलाच नाही, तरी दुर्लक्ष करू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच दिव्यातून जाणाऱ्या विजेनं अल्टरनेटर जागा होतो. दिवा गेला की चार्जिंगही अडू शकतं.

चालत्या गाडीत हा दिवा लागला तर एसी, म्युझिक बंद करा, सुरक्षित जागी थांबा आणि बॉनेट उघडून पट्टा पाहा. काही गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. तो तुटला असेल तर प्रश्न फक्त विजेचा राहत नाही. इंजिन काही मिनिटांत तापतं, आणि ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणत रेटलेली गाडी मग इंजिनाच्या मोठ्या खर्चात जाते. पट्टा शाबूत असेल तर गाडी बॅटरीच्या जोरावर थोडं अंतर जाईल, पण रात्री घाटात शिरण्याचा धोका पत्करू नये. दिवे मंद होत होत वळणावर गाडी बंद पडणं, याहून वाईट काही नाही.

इंजिन चालू असताना मीटर सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवतो. हेडलाइट आणि पंखा लावूनही तो १३च्या वर राहायला हवा. साडेबाराच्या आसपासच थांबला तर चार्जिंग नाही. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशानं बॅटरीतलं पाणी उडतं आणि बल्ब जातात. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे आकडा थोडा वेळ खाली दिसला तरी लगेच निष्कर्ष काढू नये.

एक जुनी सवय मात्र मोडायलाच हवी. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, अशी ‘टेस्ट’ अजूनही केली जाते. डायनॅमोच्या काळात ती खपून जात असे. आता अल्टरनेटरच्या डायोडला आणि गाडीच्या संगणकाला विजेचा उसळता झटका बसून मोठं नुकसान होऊ शकतं. कुणी वायरला हात घातला, तर नम्रपणे थांबवा आणि मीटर लावायला सांगा.

पंप ठीक, टाकी ठीक, तरी सकाळी टाकी रिकामी, तर गळती आहे. पार्किंगचे दिवे रात्रभर राहिले तर साधारण २ अँपिअरच्या हिशेबानं दहा तासांत २० अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी सुमारे ३५ची असते, म्हणजे निम्म्याहून जास्त संपली! माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची वायर थेट बॅटरीला जोडलेली निघाली. किल्ली काढली तरी तिचा अॅम्प्लिफायर जागाच राहायचा. वायर योग्य जागी जोडली आणि प्रश्न मिटला.

घड्याळ, अलार्म यांसाठी बंद गाडीतही थोडी वीज लागतेच. ५० मिलीअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. पण तोही दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो. गाडी महिनाभर उभी राहिली तर ३५ची बॅटरी रिकामी व्हायला तेवढं पुरतं. परगावी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना क्रम पाळा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. त्याच कारणानं काडी पेटवून बॅटरीचं पाणी कधीही पाहू नका. काढताना नेमका उलटा क्रम. महामार्गावर ट्रकवाला मदतीला आला तर आभार माना, पण वायर जोडू नका. बऱ्याच ट्रक-बसमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा मोठ्या बॅटरीबरोबर एक छोटी १२ व्होल्टची असते. ती उतरली तर लाखोंची गाडी जागची हलत नाही!

बॅटरी खरंच संपली असेल तर जरूर बदला. गाडी सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी असेल तर तिच्यासाठी सांगितलेल्या प्रकारचीच घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, आणि २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पण बदलण्यापूर्वी मेकॅनिकला तीन आकडे विचारा. गाडी उभी असताना किती व्होल्ट? सेल्फ मारताना किती? इंजिन चालू असताना किती? हे मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तीन आकडे सांगून जो ‘बॅटरी बदला’ म्हणेल, त्याचं ऐका. जो आकड्यांशिवायच म्हणेल, त्याला आधी मीटर आणायला सांगा.