हाराची फुले जपताना हातही जपा

लग्नातल्या हाराची फुले काचेसारख्या पारदर्शक ठोकळ्यात बसवून द्यायचे काम आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. पातूरच्या वस्त्यांतल्या मुलीही मोबाईलवर पाहून ते शिकू लागल्या आहेत. वधू-वरांनी एकमेकांना घातलेला हार, नवरीच्या हातातला गुच्छ, त्यातले गुलाब, शेवंती, निशिगंध वाळवायचे, साच्यात मांडायचे, वरून रेझिन ओतायचे आणि बाजूला नावे व लग्नाची तारीख टाकायची. शहरात अशा फ्रेमला हजारांत पैसे मिळतात. घरी बसून, लेकरू सांभाळून करता येण्यासारखे काम आहे, म्हणून आम्ही त्याला नाक मुरडणार नाही. कोणी म्हणते, पुष्पपूजेच्या वेळी फूल कोमेजते तसे शरीरही नाश पावते असे आपण म्हणतो, मग वाळक्या फुलांचा हा सोस कशाला? त्या वादात आम्हाला पडायचे नाही. लग्नाचा फोटो आपण जपतोच की!

आमचा प्रश्न वेगळा आहे. तो हातांचा, डोळ्यांचा आणि श्वासाचा आहे.

लग्नसराईत एक मुलगी आमच्याकडे आली. दोन्ही पापण्या सुजलेल्या, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, रात्रभर खाज. "ताई, मले वाटलं उन्हानं झालं असन," ती म्हणाली. मेडिकलवरून कुठलीशी ट्यूब आणून ती आठवडाभर लावत होती. लावली की उतरायचे, काम केले की पुन्हा यायचे. पापण्यांना तर रेझिन लागलेच नव्हते, त्यामुळे कारण सांगूनही तिला पटेना.

कारण असे आहे. रेझिनच्या दोन बाटल्या येतात, एक रेझिनची आणि एक हार्डनरची. दोन नळ्यांतला अॅराल्डाइट आपल्या घरात असतो, त्याच जातीचे हे रसायन. दोन्ही एकत्र केले की ते तापते आणि घट्ट होते. पूर्ण घट्ट झालेला ठोकळा हाताळायला फारसा धोका नाही. धोका आहे तो पातळ असताना, आणि पुढे पॉलिश करताना उडणाऱ्या भुकटीत. पातळ रेझिन कातडीला वारंवार लागले की शरीर त्याला शत्रू समजू लागते. सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने काहीच होत नाही. मग एके दिवशी अॅलर्जी उमटते, आणि एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते. त्यानंतर थोडा थेंब, नुसती वाफ किंवा न धुतलेला हात चेहऱ्याला लागला तरी पुरते. पापणीची कातडी सगळ्यांत पातळ, म्हणून सूज आधी तिथे दिसते. घरातला मिस्त्री फरशीच्या फटींत इपॉक्सी भरत असेल तर त्यालाही हेच लागू आहे.

बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. 'वास येत नाही' म्हणजेही निर्धोक नव्हे.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. डॉक्टर वापरतात ते पांढरे रबरी मोजे या कामाला पुरेसे नाहीत. नायट्राइलमधूनही रसायन हळूहळू आत झिरपते, म्हणून चिकट झाला की मोजा फेकायचा, धुऊन पुन्हा घालायचा नाही. हाताला लागलेच तर थिनर किंवा अॅसिटोनने पुसू नका. त्याने कातडीचे तेल निघून जाते आणि रसायन आणखी आत शिरते. कोरड्या कापडाने टिपा, थोडे खाण्याचे तेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

एका खोलीचे घर असेल तर आम्ही स्पष्टच सांगतो, आत काम करू नका. ओसरी किंवा छपराखालची मोकळी जागा बघा. कापडी मास्क, अगदी एन-९५सुद्धा वाफ अडवत नाही. तो घासताना उडणाऱ्या भुकटीसाठी. घासायचेही पाणी लावूनच. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बाईने या कामापासून दूर राहावे. स्वयंपाकाची वाटी, चमचा यासाठी वापरला तर तो पुन्हा स्वयंपाकात नको. लेकराने हार्डनर तोंडात घातला तर उलटी करवू नका, तोंड धुवा आणि बाटली सोबत घेऊनच दवाखान्यात न्या.

आपल्याकडचा मे महिना हा आणखी एक त्रास. पत्र्याच्या घरात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना ग्लासभर मिश्रण तसेच ठेवले तर ते भराभर तापते, धूर सोडते, प्लास्टिकचा ग्लास वितळतो. म्हणून लागेल तेवढेच कालवा, सकाळी लवकर काम करा, थर पातळ ओता. मापात चुकलात तर ठोकळा आतून चिकटच राहतो, आणि तो चिकटपणा म्हणजे तेच कच्चे रसायन. बाटलीवर माप वजनाचे आहे की आकारमानाचे, ते आधी वाचा.

फुले ओली राहिली तर आत काळी पडतात, बुडबुडे येतात. सिलिका जेलमध्ये आठवडाभर पुरून ठेवतात. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्टचे क्षार असतात. पांढरे किंवा नारिंगी घ्या आणि ओततानाची धूळ नाकात जाऊ देऊ नका.

खाज, पुरळ, पापणी सुजणे असे काही दिसले तर काम तिथेच थांबवा. ट्यूब स्वतःच्या मनाने नको. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये जोरकस स्टेरॉइड असते, चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते आणि मूळ कारण तसेच राहते. ग्रामीण रुग्णालयात दाखवा, गरज पडल्यास अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. कशाची अॅलर्जी आहे हे ओळखायला पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतात. जाताना दोन्ही बाटल्यांचे फोटो न्या.

ती मुलगी आता रेझिनला हात लावत नाही. हाराची फुले ती जाड वहीत दाबून दोन-तीन आठवडे ठेवते, मग लग्नपत्रिकेसोबत काचेच्या फ्रेममध्ये बसवते. पैसे कमी मिळतात, पण गिऱ्हाईक आहे. शेवंती जाड असल्याने तिच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्या लागतात, आणि निशिगंध पिवळट पडतो हे ती आधीच सांगून टाकते.