हंगाम दोन महिन्यांचा, चूल बारा महिन्यांची
आरे-वारे परिसरात बारमाही धंद्याला किती वाव आहे?

रत्नागिरीहून काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याकडे निघालेला प्रवासी आरे गावाच्या पुढे चढावर आला की गाडी थांबवतोच. खाली दोन किनारे, सुरूचे बन आणि समोर उघडा समुद्र. तो अर्धा तास थांबतो, फोटो काढतो, चहा शोधतो आणि नेवरे, भंडारपुळे करीत पुढे जातो. गणपतीपुळे या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर आहे. निवळीवरून गेल्यास ते बरेच लांब पडते, म्हणून आता बहुतेक गाड्या समुद्राकाठचा रस्ता धरतात.

या अर्ध्या तासावर धंदा करू पाहणाऱ्यांत आपल्या समाजातील तरुणही आहेत. कोणी चहा-नाष्ट्याची टपरी टाकतो, कोणी शहाळी विकतो, कोणी रिक्षा चालवतो. दिवाळीची सुट्टी, डिसेंबरअखेर आणि मे महिना या दिवसांत गल्ला भरतो. जूनमध्ये ताडपत्री बांधून घरी बसावे लागते. जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि मुलांच्या शाळेचा खर्च मात्र नेमका जूनमध्येच उभा राहतो. दोन-तीन वर्षे असे झाले की मुलगा टपरी विकून मुंबईची किंवा आखाताची वाट धरतो. दोष मुलाच्या मेहनतीत नसतो. त्याने वर्षाचा हिशेब मे महिन्याच्या गर्दीवरून मांडलेला असतो.

वास्तविक कोकणी माणसाला हा हिशेब नवीन नाही. पावसाळ्यापूर्वी आपल्या घरांत आगोटीची खरेदी होते. सुकट, बोंबील, मसाला, तांदूळ, लाकूडफाटा सारे मे अखेर भरून ठेवले जाते. घर चालवताना जी अक्कल आपण वापरतो, ती दुकान चालवताना विसरतो, एवढेच.

प्रथम पावसाळ्याविषयी, कारण बंद पडण्याची भीती तेव्हाचीच आहे. पूर्वी पावसात कोकणात येणारा माणूस क्वचितच असे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आता धबधबे व हिरवे डोंगर पाहण्यासाठी माणसे मुद्दाम पावसात येतात. निवळीचा धबधबा महामार्गालगत आहे, उक्षीचा धबधबा रेल्वे स्टेशनापासून जवळ आहे. श्रावणापासून सड्यावर रानफुले उमलतात. गणेशोत्सवात तर सारे चाकरमानी गावी असतात. म्हणजे पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते असे नाही. ते किनाऱ्यावर बसत नाही, आडोसा मागते. ज्याच्याकडे पक्के छप्पर, गरम चहा, भजी आणि चार माणसे कोरडी बसतील अशी जागा आहे, त्याचे दुकान जुलैतही उघडे राहू शकते.

मात्र या दिवसांत समुद्रात कोणी उतरू नये, हे गिऱ्हाइकाला सांगणे दुकानदाराचे काम आहे. जुलै २०२५ मध्ये आरे-वारेच्या समुद्रात एकमेकांचे नातलग असलेले चौघे जण बुडून मरण पावले. त्यांतील दोघी मुंब्र्याहून पाहुण्या म्हणून आल्या होत्या. ही घरे आपलीच होती. पावसाळ्यात लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि पोहता येणाऱ्याचेही काही चालत नाही. बाहेरगावच्या माणसाला ते ठाऊक नसते. चहा देता देता एक वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. दुकानात लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवावी, ११२ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. गिऱ्हाईक रागावले तरी चालेल.

कारागिरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा हंगाम हॉटेलवाल्यांच्या उलटा असतो, आणि हे आपल्या फार थोड्या कारागिरांनी ओळखले आहे. खारा वारा पंखे, फ्रीज, खिडक्यांचे गज, गाड्यांचे पत्रे सगळे खातो. लॉजचा मालक मे महिन्यात खोली बंद ठेवून दुरुस्ती करून घेणार नाही. तो जूनपासून सप्टेंबरपर्यंतच इलेक्ट्रिशियन, सुतार, प्लंबर, फ्रीज मेकॅनिक यांना बोलावणार. गादीवाल्यांचे काम पाऊस सरल्यावर निघते. ओलीने वास मारणाऱ्या गाद्या-उशा दिवाळीपूर्वी बदलाव्याच लागतात आणि दमट हवेत कापूसही नीट पिंजला जात नाही. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे शिवणाऱ्या टेलरने ऑगस्टमध्येच मापे घेऊन ठेवावीत. गणपतीपुळे ते रत्नागिरी या पट्ट्यातील लॉज, खानावळी आणि घरगुती खोल्यांची यादी करून तीन-चार कारागिरांनी मिळून वर्षाची देखभाल ठरावीक रकमेत अंगावर घेतली, तर दरमहा बांधलेली रक्कम हातात येईल. आज हे काम तुकड्यातुकड्याने होते आणि पैसेही तसेच मिळतात.

हिवाळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. शाळांच्या सहली, आंबा घाटातून येणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या, नवीन वर्षाची गर्दी हे सर्वांना दिसते. एवढेच सुचवावेसे वाटते की किनारा पाहून झाल्यावर उरलेल्या दिवसाचे काय करावे, हे पाहुण्याला सांगणारा माणूस कमी आहे. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा आहे. रत्नदुर्ग, मत्स्यालय, मिरकरवाड्याचे बंदर आहे. मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मघर आहे, त्यापुढे जयगडचा किल्ला व दीपगृह. शिवाय उक्षी आणि जांभरुण येथील कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. ती सड्यावर आहेत, तेव्हा पाऊस संपून गवत वाळले की चांगली दिसतात. रिक्षावाल्याने ही ठिकाणे स्वतः एकदा पाहून घेतली तर त्याला दोन किलोमीटरच्या भाड्याऐवजी पुऱ्या दिवसाचे भाडे मिळेल.

माल विकणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. किनाऱ्यावरच्या शंख-शिंपल्यांच्या वस्तूंत रामेश्वर, कन्याकुमारीकडून येणारा मालही असतो. त्यात स्थानिक कारागिराला मिळत काही नाही. वर काही जातींच्या शंखांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, म्हणजे नकळत गुन्हा पदरात पडायचा. त्यापेक्षा आपल्या परसातला रातांबा बघा. एप्रिल-मेमध्ये फळे पिकतात, पावसाआधी आमसुले वाळवून आगळ भरून ठेवले की वर्षभर विकता येते. आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, काजू यांचेही तसेच. काम दोन महिन्यांचे, विक्री बारा महिन्यांची, आणि ते घरातील स्त्रिया पडद्यात राहून करू शकतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परप्रांतीय आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या दीनमध्ये मापात व मालात खोट करणाऱ्याविषयी काय म्हटले आहे ते वाचकांना ठाऊक आहे.

खाण्याच्या धंद्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. या रस्त्याने जाणारे पुष्कळ लोक गणपतीच्या दर्शनाला निघालेले असतात. अंगारकी-संकष्टीला ते मासे-मटण खाणार नाहीत. त्या दिवशी शहाळे, कोकम सरबत, पोहे, उसळ ठेवावी. शाकाहारी म्हणून पाटी लावली तर भांडीही खरोखरच वेगळी असली पाहिजेत. दुसरीकडे मुंब्रा, कुर्ला, मिरज, कोल्हापूरकडून येणारी मुस्लिम कुटुंबे हलाल जेवण, वुजूला पाणी, नमाजला स्वच्छ जागा आणि बायकांना आडोसा असलेले न्हाणीघर शोधत फिरतात. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याची एक बादलीसुद्धा मोलाची असते. तांदळाची रोटी, नारळाच्या दुधातले कालवण, सांदण, खाप्रोळी हे आपल्या घरचे पदार्थ बाजारात फारसे मिळत नाहीत. ते पहिल्याने जो नीट देईल त्याचे नाव होईल. दारू ठेवल्याशिवाय किनाऱ्यावर धंदा होत नाही असे काहीजण म्हणतात. देवदर्शनाला आणि मुलाबाळांसह निघालेल्या गिऱ्हाइकाच्या रस्त्यावर हे म्हणणे पटत नाही.

रमजानचाही हिशेब आतापासून करावा. तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि २०३० साली जानेवारीत एकदा व डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा सुरू होतो. म्हणजे पुढची काही वर्षे रोजे ऐन सहलीच्या हंगामात येणार. खानावळ चालवणाऱ्याने त्या महिन्यात दिवसाचा धंदा कोणावर सोपवायचा, की इफ्तारनंतरचाच ठेवायचा, की त्या काळात मसाला-आमसुलांची घाऊक विक्री करायची, हे आधी ठरवावे. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र रत्नागिरीची कुटुंबे समुद्रावर येतात, तेव्हा दुकान बंद ठेवू नये.

सर्वांत मोठे भांडवल मात्र आपल्याकडे कुलूप लावून पडले आहे. आखातच्या पैशातून किनाऱ्यालगतच्या गावांत चांगली घरे उभी राहिली आणि त्यांतील कित्येक वर्षातून एक महिनाच उघडतात. वाळवीला खायला देण्यापेक्षा दोन खोल्या पाहुण्यांसाठी का ठेवू नयेत? याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावात कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचेच जेवतात. त्या गावाने मोठे हॉटेल बांधले नाही. राज्याची निवास व न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे. तिची नोंदणी करावी, पाहुण्यांची नोंदवही ठेवावी, आणि घरात कुटुंब राहत असल्यास पाहुण्यांचा जिना किंवा दार वेगळे करावे.

किनाऱ्यावर जागा हवी असेल तर तेथे पक्के बांधकाम करण्याच्या फंदात पडू नये. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध कडक आहेत. राज्य सरकारने २०२० साली किनाऱ्यावरील कुटींचे धोरण केले. त्यात प्रयोगासाठी निवडलेल्या आठ किनाऱ्यांत गुहागरबरोबर आरे-वारेचे नाव होते. प्रत्येक किनाऱ्यावर १० तात्पुरत्या कुटी, ३ वर्षांचा परवाना आणि ८० टक्के वाटा स्थानिकांना, असे त्याचे स्वरूप होते. अशा योजना निघाल्या की आपली माणसे जाहिरात वाचत नाहीत आणि नंतर तक्रार करतात. अर्जाला लागणारे रहिवासाचे दाखले, खाद्यपदार्थ विक्रीची नोंदणी ही कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. पर्यटन कार्यालयात जाऊन सध्याचे नियम विचारावेत.

पैशासाठी व्याजाच्या कर्जाकडे धावण्यापूर्वी मुदारबाचा विचार करावा. आखातातील भावाने पैसा घालावा, इथल्या भावाने मेहनत करावी. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटावा. निष्काळजीपणा नसताना तोटा आला तर रक्कम पैसेवाल्याची जाते आणि मेहनत करणाऱ्याचे श्रम जातात. हे तोंडी ठेवू नये, दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहावे. भावाभावांतील बोलाचाली याच एका कागदाअभावी बंद झालेल्या आपण पाहतो.

आणि जागा घेण्याचे ठरलेच, तर मे महिन्यात पाहून विसार देऊ नका. एकदा जुलैमध्ये, पाऊस पडत असताना, साध्या वारी आरे-वारेला जा. कोणती दुकाने उघडी आहेत, त्यांत कोण बसले आहे आणि ते काय मागते आहे, हे दोन तास उभे राहून पाहा. मग भाड्याचे बोला.